नाणेघाटातली नावं

भातकापणीच्या दिवसांत मुंबईचे ट्रेकवाले आमच्याकडं हमखास येतात. मागच्या कार्तिकात वीसेक जण वैशाखऱ्याच्या अंगानं घाट चढून आले. वाट दाखवायला मी घाटघरातून नळीच्या तोंडाशी जाऊन थांबलो होतो. वर येताच सगळे नानाच्या अंगठ्याकडं फोटो काढायला पळाले. कोकण खाली पसरलेलं दिसलं की माणूस पळतोच.

मग लेण्यात बसलो. मागच्या भिंतीवर सातवाहनांचे पुतळे होते. आता कुठं पावलांच्या खुणा, कुठं तेही नाही. वर कोरलेली नावं मात्र शाबूत: सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत राणीनं यज्ञांची दक्षिणा मांडलीय. अकरा हजार गाई, हजार घोडे, कार्षापणांच्या राशी, सगळं आकड्यांत. आपल्या देशातले फार जुने आकडे ते हेच. एवढी दौलत आली कुठून, तर या वाटेनं. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला चढायचा. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा, असं म्हणतात.

गटातल्या एकानं सांगितलं, लेखाचा शोध 1828 साली कर्नल साइक्सनं लावला. असेल. लेख वाचायला विद्वानच लागतात. पण लेणं हरवलं कधी होतं? आमचा आजा हिरडा डोक्यावर घेऊन खाली उतरायचा, मीठ घेऊन वर यायचा. अंधार पडला की मुक्काम याच लेण्यात. टाक्याचं पाणी, तीन दगडांची चूल. "राणीच्या घरात निजायचो आमी," म्हणायचा. त्याला लिहिता येत नव्हतं. भिंतीवर त्यानं काही ठेवलं नाही.

नागनिकेच्या अक्षरांजवळ आता ऑइलपेंटचे बदाम आहेत, गावांची नावं आहेत. त्यांत आमच्या भागातलीही आहेत. शहरवाल्यांनाच बोल लावून चालायचं नाही. एक पोरगी बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन रंग पुसायला निघाली. मी म्हटलं, "ताई, हात नको लावू. रंगासंगं दगडबी निघंल. ते जाणत्याचं काम." ती मागं सरली, पण बराच वेळ तिथंच उभी राहिली.

दुपारी जीवधन. पायऱ्या इंग्रजांनी सुरुंगानं उडवलेल्या, त्यामुळं कातळाला धरूनच चढावं लागतं. धान्यकोठीत अंधार, बाहेर वानरलिंगीचा सुळका आणि झोंबरा वारा. उतरल्यावर आमच्या पडवीत सगळे पिठलं-भाकरी जेवले. मीठ कमी पडलं म्हणून आईनं पुडी फोडली, तेव्हा त्याच पोरीनं विचारलं, "आजोबा एका खेपेला मीठ किती आणायचे?"

"मणभर," आई म्हणाली. "आन् पाऊस आला तर निम्मं."