उतारवयातील विद्याभ्यास

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे पोलाद उभे राहते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दुर्ग शहराच्या शेजारी, कारखान्याची उभारणी सुरू झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे तो या इतिहासाच्या शेजारून गेलेला, पण फारसा कोणी न लिहिलेला दुसरा एक इतिहास.

त्यासाठी आपण एका माणसाची कल्पना करू. १९५७ साली भिलाईच्या पायाभरणीवर माती वाहणारा पंचवीस वर्षांचा एक मजूर. १९५१ च्या शिरगणतीत या देशात शंभरांपैकी जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. तेव्हा हा आपला मजूर निरक्षर होता असे मानले, तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. मजुरीच्या कागदावर तो अंगठा उठवी. या माणसाचे वय श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, एवढीच विनंती. देशाने प्रौढांसाठी शाळा काढल्या, मोहिमा आखल्या. त्यांपैकी एखादी शाळा त्याच्या दारापर्यंत कधी पोहोचली का, हा माझ्या आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

मोठ्या वयाच्या माणसांनी शिकावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरीच रात्रीची शाळा काढली. दिवसभर कष्ट करणाऱ्या स्त्रीपुरुषांना रात्रीखेरीज सवड नसते, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली आणि शाळेची वेळ विद्यार्थ्यांच्या सोयीने ठरविली. पुढे १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिने शिकलेल्या माणसांना शाळा सुटल्यावरही शिकत राहण्याची गोडी लावली.

आणि ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांचे काय? त्यांनाही विद्येचा मार्ग अगदीच बंद नव्हता. देवळातले कीर्तन, चातुर्मासातली पोथी, एकादशीचे भजन ही आपल्या समाजाची कानांनी शिकण्याची विद्यालये होती, आणि त्यांत वयाची अट कोणी घातली नव्हती. उलट केस पिकले की तेथील मान वाढे. निरक्षर म्हणजे अज्ञानी नव्हे, हे सांगण्यासाठी खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचे एक नाव पुरेसे आहे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आली. परंतु या घटनेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्यांच्या घरी टिपून घेणारा कोणी नव्हता, अशा किती बहिणाबाई मुक्यानेच गेल्या असतील! माणसाला शहाणपण कानांनी मिळते, पण ते स्वतःच्या नावे मागे ठेवावयाचे तर हाताला अक्षर लागते.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच बिकट होता. श्रीमती रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी झाला. न्यायमूर्तींनी त्यांना अक्षरओळखीपासून शिकविण्यास आरंभ केला. त्या शिक्षणाला घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडूनच केवढा विरोध झाला, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. या विरोधाकडे केवळ रागाने पाहू नये. ज्या स्त्रियांना जन्मभर पाटीला हात लावू दिला नव्हता, त्यांना धाकट्या सुनेच्या हातातले पुस्तक बोचावे, यात नवल कसले? रमाबाईंनी या बोचण्याचा अर्थ ओळखला असावा. १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली, तेव्हा शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांसाठी तेथे वर्ग निघाले. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. तिचे उत्तर पुढे यावयाचे आहे.

खाजगी प्रयत्नांनंतर सरकारी प्रयत्न आले. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्यांच्या काळात, १९३९ साली, मुंबई शहरात साक्षरतेची मोहीम झाली आणि प्रौढांच्या वर्गांना संघटित रूप मिळाले. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद यांनी या कार्याचा अर्थ अधिक व्यापक केला. केवळ बाराखडी शिकविणे पुरेसे नाही. आरोग्य, नागरिकत्व आणि मनोरंजन यांचीही ओळख करून दिली पाहिजे, या विचाराने प्रौढशिक्षणाला ‘समाजशिक्षण’ हे नाव मिळाले.

१९५९ साली, म्हणजे भिलाईची भट्टी पेटली त्याच वर्षी, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. चार महिन्यांच्या अवधीत निरक्षरांना लिहावाचावयास शिकवावे, अशी तिची योजना होती, आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. या मोहिमेचा उत्साह मोठा होता. परंतु शिकलेले टिकविण्याची पुढची सोय तिच्यात नव्हती. वाचावयास काही नाही, लिहावयास प्रसंग नाही, अशा स्थितीत अक्षरे हातून जशी आली तशी निघून गेली आणि पुष्कळ नवसाक्षर पुन्हा निरक्षरांच्या पंक्तीत जाऊन बसले. अक्षर हे रोपासारखे आहे. लावणीचा समारंभ झाला तरी पाणी रोज घालावे लागते.

आता आपल्या भिलाईच्या मजुराकडे वळू. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशात राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाचा आरंभ झाला. पाच वर्षांत दहा कोटी निरक्षरांपर्यंत पोहोचण्याचा संकल्प होता. मात्र हे प्रौढ कोण? पंधरा ते पस्तीस या वयाचे. आपला मजूर त्या वर्षी शेहेचाळीस वर्षांचा होता. दहा वर्षांनी, १९८८ साली, राष्ट्रीय साक्षरता अभियान स्थापन झाले. १९९५ पर्यंत आठ कोटी माणसे साक्षर करावयाची होती. वय पुन्हा तेच, पंधरा ते पस्तीस. आपला मजूर तेव्हा छप्पन वर्षांचा झाला होता. केरळातील एर्नाकुलमसारख्या जिल्ह्याने साठीपर्यंतच्या माणसांना आपल्या मोहिमेत घेतले आणि १९९० साली संपूर्ण साक्षरतेचा मान मिळविला, हे खरे. पण देशाच्या हिशेबाची रेघ पस्तिशीवरच ओढलेली राहिली.

ही रेघ ओढणारांना दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. पैसा थोडा, शिक्षक थोडे आणि निरक्षर अगणित. अशा वेळी जो अजून तीस वर्षे राबणार आहे, ज्याची मुले अजून लहान आहेत, त्याला आधी शिकवावे, हा हिशेब व्यवहाराचा होता. परंतु हिशेब व्यवहाराचा असला तरी त्यात एक गृहीत दडलेले होते. विद्या ही उत्पादन वाढविण्यासाठी असते; ज्याचे उत्पादन संपत आले त्याला ती कशाला? ज्या पिढीने धरणे बांधली, भट्ट्या उभारल्या, तिला देशाने न बोलता सांगितले की, तुमची वेळ टळून गेली. याचे फळ २०११ च्या शिरगणतीत दिसले. साठीच्या पुढच्या माणसांत साक्षरांचे प्रमाण शेकडा सुमारे चव्वेचाळीस होते, आणि त्या वयाच्या स्त्रियांत ते अवघे अठ्ठावीसच्या आसपास होते.

जगात मात्र याच काळात निराळा विचार मूळ धरीत होता. १९७३ साली फ्रान्समधील तुलूझ येथे निवृत्त माणसांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ निघाले. बालपण हे शिकण्याचे वय, तारुण्य हे राबण्याचे वय, आणि त्यानंतरचे तिसरे वय पुन्हा शिकण्याचे, अशी त्यामागची भूमिका होती. ती मंडळी बहुतेक साक्षर होती. परंतु २००४ साली केनियामध्ये किमानी मारुगे नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा गणवेश घालून प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गात जाऊन बसले. आदल्याच वर्षी त्या देशात प्राथमिक शिक्षण मोफत झाले होते. स्वतःचे धर्मपुस्तक स्वतः वाचावे, ही त्यांची इच्छा होती. उत्पादनाच्या कोणत्याही हिशेबात ही इच्छा बसत नाही, आणि म्हणूनच ती विचारात घेण्याजोगी आहे.

अशीच इच्छा एके दिवशी आपल्याकडेही बोलली गेली. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे हे लहानसे गाव आहे. २०१६ साली तेथे शिवजयंतीच्या निमित्ताने शिवचरित्राचे वाचन झाले. ते ऐकणाऱ्या म्हाताऱ्या स्त्रियांच्या मनात आले की, हे आपल्यालाही वाचता आले असते तर! गावातील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी हा उद्‌गार हवेत विरू दिला नाही. मोतीराम दलाल यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेचे साह्य मिळाले आणि ८ मार्च २०१६ या महिला दिनी तेथे ‘आजीबाईंची शाळा’ भरली. साठ ते नव्वद वर्षांच्या आजीबाई गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर अडकवून शाळेत येऊ लागल्या. वेळ दुपारी दोन ते चार. घरची व शेतावरची कामे आटोपल्यावरची ही सवड. फुल्यांनी रात्रीची शाळा काढताना जे ओळखले होते, तेच येथे दुपारच्या घड्याळात पुन्हा उमटले.

शिकविणारी होती गावातीलच एक तरुण सून, आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासू होती. रमाबाईंच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे उत्तर पुढे येईल असे मी म्हटले होते, ते हे. एकोणिसाव्या शतकात सुनेच्या हातातले पुस्तक सासरच्या बायकांना खुपत होते. एकविसाव्या शतकात सून सासूचा हात धरून अक्षर गिरवून घेते. सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या सामाजिक इतिहासाचे सार या एका दृश्यात सामावले आहे, असे मला वाटते.

या आजीबाईंना काय मिळाले? नोकरी नव्हे, पगारवाढ नव्हे. बँकेत अंगठा उठविण्याऐवजी त्यांना सही करता येऊ लागली. सही ही वरवर क्षुल्लक गोष्ट आहे. पण अंगठा देणाऱ्याचा हात दुसरा कोणी धरतो, त्याला शाई लावतो आणि कागदावर दाबतो. सही करणाऱ्याचा हात त्याचा स्वतःचा असतो. या दोहोंमधील अंतर ज्याने जन्मभर सोसले, त्यालाच त्याची किंमत कळते.

धोरणातही पुढे ही रेघ उरली नाही. २०२२ ते २०२७ या अवधीसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम मंजूर झाला. त्यात वर्षाला एक कोटी याप्रमाणे पाच कोटी माणसांचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्याची खालची वयोमर्यादा पंधरा आहे. वरची मर्यादा नाही. ‘प्रौढशिक्षण’ या शब्दाच्या जागी ‘सर्वांसाठी शिक्षण’ हा शब्दप्रयोग आला. भिलाईचा आपला मजूर त्या वर्षी नव्वद वर्षांचा झाला असता. त्याच्यासाठी दार उघडले, पण फार उशिरा. तोपर्यंत त्या पिढीतील कितीजण दारापर्यंत येण्यास उरले होते?

या इतिहासापासून शिकण्याजोगे थोडेच आहे, पण ते नेमके आहे. शाळा म्हाताऱ्या माणसाच्या पायांना पोहोचेल इतकी जवळ हवी. तिची वेळ त्याच्या सवडीची हवी. शिकविणारे माणूस ओळखीचे असेल तर लाज अर्धी होते. शिकून काय वाचावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि एकदा शिकविले म्हणजे काम संपले, असे मानू नये. साताऱ्याच्या मोहिमेतली अक्षरे कशी विरून गेली, ते आपण पाहिलेच. वाडी असो, की भिलाईसारख्या कारखान्याच्या गावातील वसाहत असो, एक ओसरी, दोन तासांची दुपार आणि शिकविणारी एक सून किंवा नातू एवढ्या भांडवलावर ही शाळा उभी राहते.

श्रोतेहो, हे भाषण ऐकताना आपल्या घरात एखादे वृद्ध माणूस शेजारी बसले असेल. त्याने आपल्याला चालावयास, बोलावयास शिकविले. त्याला अक्षर येत नसेल, तर आज त्याच्यापुढे एक पाटी ठेवावी आणि पहिल्या ओळीत त्याचेच नाव लिहून द्यावे.