तळटीप : मायक्रोनेअर

लेखकाने चोपड्याच्या कापसाचे वर्णन करताना 'मायक्रोनेअर ४' असा आकडा दिला आहे. त्याचा अर्थ असा : एक इंच लांबीच्या तंतूचे वजन सुमारे ४ मायक्रोग्रॅम. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. याच हिशेबाने एक किलोमीटर लांबीचा तंतू जेमतेम १५७ मिलिग्रॅम भरतो. इतके वजन तराजूवर एकेका तंतूचे घेत नाहीत. ठरावीक वजनाच्या रुईच्या बोळ्यातून हवा सोडतात आणि तिला होणाऱ्या अडथळ्यावरून आकडा काढतात. तंतू बारीक असतील तर अडथळा जास्त, आकडा लहान. मात्र न पिकलेल्या बोंडातला कच्चा तंतूही लहानच आकडा देतो. त्यामुळे लहान आकडा म्हणजे उत्तम कापूस, असे समजणे चूक आहे. सरकारी हमीभावाच्या निकषांत धाग्याच्या लांबीसोबत हा आकडाही असतो, म्हणून खानदेशातल्या शेतकऱ्याला तो माहीत असायलाच हवा.

मायक्रोच्या खाली हजार-हजार पटींनी उतरत नॅनो, पिको, फेम्टो, अ‍ॅटो, झेप्टो, योक्टो येतात. २०२२ साली त्यांत राँटो आणि क्वेक्टो यांची भर पडली. क्वेक्टो म्हणजे एकाला दहाच्या तिसाव्या घाताने भागून येणारा अंश. रुईचे काम मायक्रोवरच भागते.

थायरॉईडच्या गोळीची मात्राही मायक्रोग्रॅममध्येच असते. तो मिलिग्रॅम समजला तर मात्रा हजारपट चुकते. पाकिटावरचे एकक वाचकांनी नीट वाचावे. — संपादक