मुराळ्याची वाट

नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, जामखेड तालुक्यात, सीनेच्या काठी चौंडी नावाचे गाव आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांची कन्या १७३३ साली, जेमतेम आठ वर्षांची असताना, मल्हारराव होळकरांची सून झाली, आणि तिच्याच नावावरून २०२४ साली या जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. अहिल्याबाईंचे घाट, मंदिरे, न्यायनिवाडे आणि महेश्वरचा कारभार यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु शंभर कोसांहून दूर असलेल्या माळव्यात पाटलाची लेक नांदावयास जाते, तेव्हा तिच्या मागे राहिलेले घर तिची खबरबात कशी राखते, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारला नाही. त्यांचाही दोष नाही. सरकारी दफ्तरास माणसाचे घर सोडणे महसुलापुरते किंवा फौजेपुरते ठाऊक असते. कोण किती घोड्यांनिशी मोहिमेवर गेला याची नोंद होते, आणि कोणाची मुलगी कोणत्या गाडीतून गेली याची होत नाही.

ती नोंद भाषेने ठेविली. लेकीच्या जाण्यायेण्याचा आपल्याकडे एक स्वतंत्र व्यवहार होता आणि तो पार पाडणाऱ्या माणसास स्वतंत्र नाव होते : मुराळी. माहेराहून मुलीस आणावयास जाणारा भाऊ, चुलता किंवा घरचा विश्वासू गडी तो मुराळी, आणि त्यास पाठविणे म्हणजे मूळ धाडणे. मुलगी लहानपणीच दिलेली असे, न्हाण येईपर्यंत बहुधा माहेरीच वाढे, आणि एकदा नांदावयास गेली की पंचमी, दिवाळी, डोहाळे, पहिले बाळंतपण अशा एकेका टप्प्यावर मूळ येण्याची वाट पाही. मूळ आल्यावाचून माहेरी जाणे हा उभयपक्षी कमीपणा मानला जाई.

हा मुराळी सोयऱ्याच्या ओसरीवर येऊन बसला म्हणजे जे घडे, ते एखाद्या दरबारी वकिलास शिकण्याजोगे असे. पायावर पाणी घ्यावे, शिदोरीचे गाठोडे आत जाऊ द्यावे, आणि मग आलेल्या कामाचा शब्दही न काढता पाऊसपाणी, बैलांच्या किमती, विहिरीचे फुटलेले थारोळे यांवर दिवसभर बोलत राहावे. आत भाकरी थापणाऱ्या बहिणीस भावाचा आवाज ऐकू येई, पण समोर जाण्याची सोय नसे. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सुपारी कातरता कातरता तो हळूच म्हणे, “आईनं लई ध्यास घेतलाय, मामा. पंचमीपुरती धाडावी म्हणती.” त्यावर उत्तर ठरलेले : “धाडायला ना न्हाई, पर खुरपणी तोंडावर आलीया, बघू की.” या ‘बघू की’मध्ये होकार आहे की नकार, हे ओळखण्यावर मुराळ्याची अक्कल जोखली जाई. कित्येक मुराळी रिकाम्या छकड्यानिशी परतले असतील. जात्यावरच्या ओव्यांत भावाची वाट पाहणे हा विषय इतका का पिकला, याचे कारण त्या रिकाम्या छकड्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. आमच्या मते सासर आणि माहेर यांमधील दळणवळणाचे एवढे मोठे दप्तर दुसरे नाही.

मुलगी विवाहाखेरीज अन्य कारणाने घर सोडते ही कल्पना या जिल्ह्यात आली ती अमेरिकन मराठी मिशनबरोबर. १८३१ साली मिशनने नगरास ठाणे मांडले. पुढे मिस सिंथिया फॅरार यांनी तेथे मुलींच्या शाळा चालविल्या. त्या शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिल्या, १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी सावित्रीबाई नगरास येऊन राहिल्या. मुलीने पुण्याहून नगरास यावे आणि ते नांदण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी यावे, ही त्या काळी केवढी उलटी गंगा!

मुलग्यांचे जाणे निराळे. दौंड–मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली खुला झाला, आणि त्याच्या मातीकामावर १८७६-७७ च्या दुष्काळात खडी फोडून जगलेल्या माणसांचेच मुलगे पुढे त्याच गाडीने बाहेर पडले. पारनेर, संगमनेर, अकोले या बाजूचे लोक मुंबईस गिरण्यांत, गोदीत आणि मंडईत गेले. मुलगा गेला म्हणजे त्यास आणावयास मुराळी नसतो. तो यात्रेस येईल तेव्हा येईल, एरव्ही मनीऑर्डर येईल. त्या फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी जी चार बोटांची जागा असे, तीत ‘सर्व खुशाल’ एवढेच मावे, आणि पोस्टमनकडून तेवढे दोनदा वाचून घेतल्यावाचून म्हातारी अंगठा उठवीत नसे.

पुढे जिल्ह्याचे दोन भाग पडले, ते पाण्यामुळे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस आला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणीच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये सुरू झाला. उत्तरेकडील मुले शाळा-महाविद्यालयांसाठी घर सोडू लागली. दक्षिणेस पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांत मात्र दारी ऊसतोडीची माणसे नेणारा मुकादम येऊ लागला. तोही मुराळ्यासारखाच ओसरीवर बसतो, पाऊसपाण्याचे बोलतो; फरक इतकाच की त्याच्या गाठोड्यात शिदोरी नसून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, असते. दसरा उलटला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या आणि कोपीचे पाचट-कापड चढते. आणि या वेळी घर सोडून जातात ते आईबाप, मागे राहते ते पोर. लेकरू आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात, आईबाप पाडव्यापर्यंत उसाच्या फडात. इतक्या शतकांत घर सोडण्याची दिशाच फिरली.

आणि एक गोष्ट फिरली नाही, हे कबूल केले पाहिजे. उचल नवराबायकोच्या जोडीवर मिळते, त्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात, एकट्या माणसास ‘अर्धा कोयता’. तो पुरा व्हावा म्हणून अजूनही या पट्ट्यात पोरींची लग्ने अठराच्या आत उरकली जातात. १९२९ चा सारडा कायदा आणि त्यानंतरचे सारे कायदे पार करून ती प्रथा उभी आहे. अहिल्याबाईंच्या नावाचा जिल्हा मिरविताना आठव्या वर्षीची ती पाठवणी गौरवाने सांगितली जाते; तीत गौरव करण्याजोगे काही नाही. गौरव पुढच्या साठ वर्षांचा करावा.

मुराळी हा शब्द आता नव्या मुलांस सांगावा लागतो. ज्यांच्या घरी तो न सांगता समजणारी आजी अद्याप आहे, त्यांनी तिला एवढे विचारून वहीत उतरून ठेवावे : तुला न्यायला कोण येई, वाटेत मुक्काम कोठे पडे, आणि कितव्या खेपेस पाठविले.