यरीहो ते तेल दान : बायबलकालीन इतिहास व उत्खननाची साक्ष

बायबलमधील कथनांना उत्खननातील पुरावा कधी छेद देतो, तर कधी दुजोरा. यरीहो येथे १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी पडक्या तटबंदीचा संबंध यहोशवाच्या स्वारीशी जोडला. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात थरनिहाय उत्खनन करून ती तटबंदी सुमारे हजार वर्षे अधिक जुनी असल्याचे दाखविले. याउलट, दावीद राजाचे ऐतिहासिकत्व काही अभ्यासक नाकारीत असताना १९९३ मध्ये तेल दान येथे इ. स. पू. नवव्या शतकातील अरामी शिलालेख मिळाला. त्यात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. तथापि त्यावरून त्याच्या राज्याचा विस्तार सिद्ध होत नाही. म्हणून ग्रंथ व उत्खनन यांची साक्ष प्रथम स्वतंत्रपणे तपासून नंतरच त्यांची तुलना करणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.