छप्पर म्हातारे झाले म्हणजे कोण म्हातारे झाले?

जुन्या घराचे छप्पर ‘गेले’ असे आपण म्हणतो तेव्हा बोट बहुधा कौलांकडे असते. पण कौलारू छपरात तीन वस्तू तीन वेगांनी म्हाताऱ्या होतात: कौले, ती धरणाऱ्या रिपा, आणि सगळा भार तोलणारे वासे व आढे. गिरगावातल्या खोताच्या वाडीसारख्या वारसा वस्तीत छप्पर बदलायला निघालेल्याने आधी ठरवायचे ते एवढेच, की यांतले थकले कोण.

कौल सहसा थकलेले नसते. मंगलोरजवळ जेप्पू येथे बासेल मिशनने 1865 साली कारखाना काढला आणि यंत्रावर दाबून भट्टीत भाजलेली, कडेच्या खाचांनी एकमेकांत अडकणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. गावठी नळ्यांचे छप्पर मांजर धावले तरी विस्कटे. म्हणून दर वर्षी शाकारणी. मंगलोरी कौलाने तो व्याप बराच कमी केला. नीट भाजलेले कौल शंभर वर्षे सहज काढते. बोटाच्या पेराने वाजवून पाहावे: खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर आत तडा आहे. कौल पालथे करून रिपेला अडकणारी खालची खुंटीही पाहावी. ती तुटलेले कौल उतारावर सरकते, आणि गळती सुरू झाल्यावर दोष मात्र पावसाला दिला जातो.

लाकडाचे तसे नाही. वासा मधोमध क्वचितच कुजतो. कुजतो तो भिंतीवर टेकलेल्या टोकाशी आणि दोन पाखी मिळतात त्या पन्हळीखाली, म्हणजे जिथे ओल बसते आणि वारा लागत नाही तिथे. वरून रंग शाबूत दिसला तरी टोकदार खिळा सहज आत गेला तर लाकूड संपले. तेवढे टोक कापून त्याच जातीच्या पक्क्या लाकडाचा जोड द्यावा. अख्खा वासा बदलण्याची वेळ फार कमी येते. रिपा मात्र बिनदिक्कत सगळ्या बदलाव्यात. खर्च थोडा असतो. त्यांतले अंतर जुन्या कौलाच्या मापानेच ठेवायचे, एवढे सुताराला दोनदा सांगावे.

आता पत्र्याचा मोह. चौरस मीटरला 15 कौले आणि एकाचे वजन 2.4 किलो धरले तर 100 चौरस मीटरच्या छपरावर 3,600 किलो भार येतो. भिजल्यावर कौलांनी वजनाच्या 15 टक्के पाणी शोषले तर आणखी 540 किलो. पत्रा याच्या सात-आठ पट हलका, म्हणून ‘घराला आराम’ असे सांगितले जाते. पण जुन्या लाकडी घरात वरचे ओझेच छपराला जागेवर दाबून धरते. तो दाब काढला की वादळी वाऱ्यात छप्पर उचलले जाते. मग पत्रा आणि वासे भिंतीशी पट्ट्यांनी बांधून घ्यावे लागतात. आरामाचा हिशेब तिथेच फिस्कटतो. शिवाय उष्मा, आणि पावसाचा आवाज!

परवानगीची बाजू थोडक्यात सांगता येते. मुंबईत 1995 साली आलेल्या वारसा नियमावलीने यादीतल्या इमारतीची दुरुस्तीच काय, रंगकामही आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीखाली आणले. पुढे तपशील बदलले, म्हणून आपले घर कुठल्या श्रेणीत आहे हे विभाग कार्यालयात विचारूनच कामाला लागावे. वारशाच्या दृष्टीने जपायचे असते ते मुख्यतः गल्लीतून दिसणारे: उतार, वळचणीची रेषा, कौलाचा पोत. आतल्या जोडकामाला त्यामानाने मोकळीक असते.

त्या मोकळिकीत एक फसगत दडलेली आहे. कौलांखाली प्लास्टिकचा अखंड कागद घातला की गळती थांबते, हे खरे. पण कौलारू छप्पर फटींतून श्वास घेते. कागद लाकडाला चिकटून बसला तर वाफ आत कोंडते आणि बुरशीची सोय होते. घालायचाच तर कागद आणि रिपा यांच्यामध्ये उताराच्या दिशेने पट्ट्या ठोकून हवेला वाट ठेवावी. सिमेंटने सांधे लिंपणे त्याहून वाईट. पुढच्या वेळी कौल काढताना ते फुटूनच निघते.

नवी कौले लागतीलच. कारखान्यागणिक खाचांचे माप किंचित वेगळे असते, त्यामुळे नवी-जुनी सरमिसळ बसत नाही आणि बसली तरी गळते. निवडलेली चांगली जुनी कौले सगळी गल्लीकडच्या पाख्यावर आणि नवी मागच्या पाख्यावर लावली की दोन्ही प्रश्न सुटतात.

मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो. परवानगीचे कागद पावसाळ्यातच पुढे सरकवा, दिवाळीनंतर छप्पर उघडा. आणि उतरवलेली कौले स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय एकही मलब्याच्या गाडीत जाऊ देऊ नका.