सुटलेला गालिचा आणि फरासखाना



पहिले दोन पाऊस झाले आणि आमच्या हॉलमधला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचा गालिचा सैल पडला. मधोमध बोटभर उंचीची सुरकुती उभी राहिली. एका संध्याकाळी सामायिक पाळून उठलेल्या सासूबाईंचा पाय तिच्यात अडकला. सोफ्याचा हात धरला म्हणून पडल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्या भिंतीच्या कडेकडेने चालू लागल्या. कारागिराला निरोप गेला. तो येईपर्यंत मला एकच प्रश्न: आपल्याकडे पूर्वी गालिचे कोण आणि कसे ताणायचं?

उत्तर असं, की ताणतच नसत.

पुण्याची फरासखाना पोलीस चौकी तुम्हाला माहीत असेल. तिचं नाव मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांपैकी एकाचं. फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, जाजमं, गालिचे यांचं कोठार. अरबी 'फर्श' म्हणजे पसरलेलं, अंथरलेलं. अंथरणारा तो फरास, आणि आपली पायाखालची फरशीसुद्धा त्याच शब्दातून आली. (रोज पुसतो, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं.) मुद्दा हा, की गालिच्याची जागा कोठारात होती. बैठक भरली की अंथरायचा, उठली की झटकून गुंडाळायचा. त्यासाठी स्वतंत्र माणसं नेमलेली.

मग वाऱ्याने किंवा लोकांच्या वावराने तो सरकत नसे का? त्यासाठी 'मीरफर्श' असत. चार कोपऱ्यांवर ठेवायची जड वजनं, बूड चौकोनी किंवा अष्टकोनी आणि वर कळीसारखा घुमट. काही संगमरवराची, काही बिदरी कामाची. बिदर आपल्या दख्खनचंच, काळ्या धातूत चांदीची तार ठोकून बसवायची तिथली कला. ही वजनं आता संग्रहालयांत काचेमागे ठेवलेली असतात. खिळा नाही, डिंक नाही. वजन उचललं की गालिचा मोकळा.

आपल्या घरांतही तेच होतं. जमखाना, सतरंजी, वर पांढरं जाजम, थंडीत धनगरी घोंगडी. सतरंजी उभ्या-आडव्या सुताने घट्ट विणलेली सपाट वस्तू. ती फुगत नाही, फार तर सरकते.

भिंतीला जखडलेला गालिचा वेगळ्या वंशाचा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचं गाव आहे. तिथे कॅथरीन एव्हान्स या मुलीने 1895 मध्ये कापडात जाड सुताचे गोंडे ओवून एक पलंगपोस केला. शेजारणी शिकल्या, घरोघरी तेच काम सुरू झालं. पुढे मशीन आलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच गोंड्यांच्या तंत्राने स्वस्त गालिचे निघू लागले. एका मुलीच्या सुईतून केवढा उद्योग उभा राहिला! पण या गालिच्यात गोंडे पाठीच्या कापडात नुसते टोचलेले असतात आणि मागून रबरी लेपाने धरून ठेवलेले. दमट हवेत पाठ सैलावते, जड सोफा ओढला की सरकते, आणि कडा जखडलेल्या असल्यामुळे जास्तीचा भाग मध्येच वर येतो.

कारागीर आला. भिंतीलगत लाकडी पट्टी ठोकलेली असते, तिच्यात तिरके खिळे, त्यांत गालिच्याची कड अडकवलेली. त्याच्याकडे एक दातेरी अवजार होतं. दाते गालिच्यात रुतवायचे आणि मागच्या गादीवर मांडीने ठोसा द्यायचा, की गालिचा इंचभर पुढे सरकून पट्टीवर बसतो. ताण मधून कडेकडे द्यायचा आणि उरलेली कड कापायची. हवा कोरडी असताना केलं तर टिकतं, असंही तो म्हणाला.

ताणण्याआधी त्याने एक बाजू सोडवली. खाली किती वर्षांची धूळ, कसर, आणि दाराकडून आत गेलेली मुंग्यांची रांग. तो म्हणाला, "ताई, औषध फवारतो, मग ताणतो."

सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "थांब रे बाबा."

पाथर्डी बोर्डाच्या परीक्षा देताना आपल्यातल्या कितीजणींनी दशवैकालिक उघडलं असेल. त्याच्या सहाव्या अध्ययनात साधूंनी गादीच्या, खोलगट आसनांवर बसू नये असं आहे, कारण आतले जीव नीट पाहता येत नाहीत. सुखासीनतेचं कारण तिथे नाही, पडिलेहणाचं आहे. तो नियम साधूंचा, आपण गृहस्थ, हे मी सासूबाईंना म्हटलंही. त्या म्हणाल्या, "रोज सामायिकाआधी मी आसन पुंजते. आणि त्याच्याखाली हे?"

मला उत्तर सुचलं नाही. गालिचा महाग होता आणि हट्टाने मीच घातलेला.

फवारणी केली नाही. कारागिराला पूर्ण मजुरी दिली, त्याने गालिचा गुंडाळून दिला. मी आणि सून, दोघींनी पुंजणीने कडा हळूहळू पुंजल्या, मुंग्यांना दाराबाहेरची वाट मोकळी करून दिली. दुपार गेली. चौमासी पाखीला अजून आठ दिवस होते.

आता हॉलमध्ये पेटीतला जुना जमखाना आहे. तोही सरकतो, म्हणून खालच्या दोन कोपऱ्यांवर सोफ्याचे पाय ठेवलेत, आणि रोज सकाळी तो उचलला जातो. लाकडी पट्ट्या काढल्यावर शहाबादी फरशीला भिंतीलगत सगळीकडे भोकं पडलेली दिसली. दिवाळीआधी पांढऱ्या सिमेंटने बुजवायची आहेत.