पाण्यातला जंतू आणि आतड्याचा रोग : पुराव्याची लांबची वाट

चेन्नईच्या दक्षिण भागात पेरुंगुडी आहे. एका अंगाला पळ्ळिकरणैची पाणथळ, शहराची कचराभूमी आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. दुसऱ्या अंगाला संगणक कंपन्यांच्या उंच इमारती. २०११ साली ही वस्ती महापालिकेत सामील झाली. नळाबरोबरच कूपनलिका आणि टँकर यांवर जिथे भिस्त असते, तिथे पाण्यातल्या जंतूंमुळे आतड्याचा रोग जडतो का, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही. मात्र जंतू सापडणे आणि त्याचा दोष सिद्ध होणे यांत किती अंतर असते, हे पटकीचा इतिहास सांगतो.

१८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू आढळला. त्या तळ्याचे पाणी वापरणारे लोक आजारी पडत होते. परंतु प्राण्यांमध्ये तो रोग निर्माण करणे त्यांना साधले नाही. १८९२ मध्ये म्यूनिकच्या पेटेनकोफर यांनी तर हे जंतू स्वतः पिऊन दाखवले. त्यांना केवळ सौम्य जुलाब झाले. कोडे सुटले ते कलकत्त्यातच, १९५९ मध्ये. शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरीही आतड्यात पाणी साचले. घात करत होते ते जंतूने स्रवलेले विष.

पुढचा धडा मद्रासने दिला. तोवर समज असा होता, की पटकीची साथ केवळ 'ओ१' गटाच्या जंतूमुळे येते. १९९२ च्या ऑक्टोबरात मद्रासमध्ये आढळलेला जंतू त्या गटाच्या चाचणीला दाद देईना. तरी त्याचे विष तेच होते. जुनी प्रतिकारशक्ती कामी न आल्याने प्रौढांनाही त्याने मोठ्या संख्येने ग्रासले. पुढे त्याला 'ओ१३९' हे नाव मिळाले. साथ कलकत्ता आणि बांगलादेशापर्यंत पोहोचली.

आज असाच संशय गुरांच्या 'जोने' रोगाच्या जंतूवर आहे. १९१३ मध्ये ग्लासगोच्या डॅल्झिएल यांनी गुरांचा हा आतड्याचा रोग आणि माणसांतील दाह यांतले साम्य नोंदवले. तो मानवी दाह पुढे 'क्रोन' या नावाने ओळखला गेला. १९८४ मध्ये क्रोनच्या काही रुग्णांत हा जंतू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तो पाण्यात तग धरतो आणि क्लोरीनलाही सहजी बधत नाही. तथापि निरोगी माणसांतही तो सापडतो; कार्यकारणसंबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षयही क्रोनसारखाच दिसतो, त्यामुळे निदानच अवघड होते.

म्हणून एखाद्या नमुन्यात जंतू मिळाला, एवढ्यावरून घाबरू नये आणि जुनी चाचणी निर्दोष ठरवते, एवढ्यावर निश्चिंतही राहू नये. क्रोनचा निवाडा व्हायचा तेव्हा होईल. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू न देण्यासाठी मात्र आणखी पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तो पुरावा आपल्याच देशाने कधीच दिला आहे.